रस्त्याकडेच्या पाट्या

लाउडन काउंटीत राहणाऱ्यांना रूट सेव्हन काही नवा नाही. अ‍ॅशबर्नहून लीसबर्गकडे जाताना आपलं सगळं लक्ष सिग्नलवर आणि मुलांच्या क्लासच्या वेळेवर असतं. रस्त्याच्या कडेला खांबावर एखादी चंदेरी पाटी दिसते, तिच्यावर काळी अक्षरं असतात. ती वाचायला कोणी थांबत नाही. मीही अकरा वर्षं थांबलो नव्हतो.

मग मुलीला शाळेत प्रोजेक्ट आलं, आपल्या गावाचा इतिहास. मी सवयीने शिवनेरी, रायगड सांगायला लागलो. ती म्हणाली, "बाबा, ते तुझं झालं. मी तर इथली आहे ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या शनिवारी आम्ही दोघं पाट्या वाचत फिरलो. त्यातून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

व्हर्जिनिया राज्याने अशा पाट्या 1927 पासून लावायला सुरुवात केली. मोटारी वाढल्या होत्या, प्रवाशांनी वाटेत थांबावं हा हेतू होता. आज राज्यात अडीच हजारांहून जास्त पाट्या आहेत. पाटी वाचताना एक गोष्ट जरूर करा. मजकूर वाचून झाला की अगदी खालची ओळ बघा. पाटी कोणी आणि कोणत्या साली लावली, ते तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे पाटीवर दोन काळ असतात, एक घटनेचा आणि दुसरा ती घटना कोणाला तरी आठवावीशी वाटली त्याचा.

सुरुवातीच्या पाट्यांमध्ये लढाया आणि सेनापती फार. आपल्याकडेही आहे बॉल्स ब्लफची लढाई, 21 ऑक्टोबर 1861. उत्तरेचे सैनिक पोटोमॅकच्या कड्यावरून मागे रेटले गेले, कित्येक नदीत बुडाले. एडवर्ड बेकर तिथेच पडले. पदावर असताना लढाईत मारले गेलेले ते अमेरिकेचे एकमेव सेनेटर. तिथली छोटी दफनभूमी मुलांना दाखवा. तिथे पुरलेल्यांपैकी फक्त एकाचं नाव माहीत आहे.

पण मला थांबवलं ते लीसबर्गच्या ईस्ट मार्केट स्ट्रीटने. तिथे डग्लस हायस्कूल आहे. 1941 पूर्वी या काउंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी धड हायस्कूल नव्हतं, होती ती एक मोडकळीला आलेली इमारत. पालक कर भरत होते, तरी शाळा मिळेना. मग या पालकांनी एकत्र येऊन काउंटी-वाइड लीग उभी केली. वर्गणी काढली, जमीन विकत घेतली आणि ती काउंटीला एका डॉलरला दिली, तुम्ही फक्त शाळा बांधा म्हणून. चार्ल्स ह्यूस्टन या नामवंत वकिलांनी त्यांची बाजू मांडली. शाळा झाली. पुढे तिथलं सामानसुमानही पालकांनीच जमवलं. वेगळ्या शाळांची पद्धत इथे संपली 1968 साली. सुप्रीम कोर्टाच्या निकालाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

आपण इथे घर घेताना पहिला प्रश्न विचारतो, शाळा कशी आहे? दहापैकी किती रेटिंग? मीही विचारला होता. ज्या शाळांच्या भरवशावर आपण तीस वर्षांचं कर्ज घेतो, त्यांचे दरवाजे सगळ्यांना उघडावेत म्हणून कोणीतरी आधी झिजलं आहे. ते आपले पूर्वज नव्हते, पण त्यांनी केलेल्याचा फायदा आपली मुलं घेतात.

आणि हे नातं तसं जुनंच आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. पुण्यात बसून त्यांना इथली गोष्ट आपली वाटली. आपण तर इथे रोज गाडी चालवतो!

शेवटची गोष्ट. नवी पाटी कोणीही सुचवू शकतं. पुरावे द्यावे लागतात, राज्याचं मंडळ मंजुरी देतं आणि खर्च सुचवणारा उचलतो. 2021 साली आशियाई वारशाच्या विषयावर शाळकरी मुलांची स्पर्धा झाली. त्यातून निवडलेल्या पाट्यांमध्ये एक उत्तर व्हर्जिनियातल्या व्हिएतनामी लोकांबद्दल आहे. कधीतरी आपलीही लागेल. पण त्याआधी दुसऱ्यांच्या वाचून घेऊ.

या शनिवारी क्लासला दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. सुरक्षित जागी गाडी लावा, मुलांना पाटी मोठ्याने वाचायला सांगा. आणि हो, खालची ओळ विसरू नका. पुन्हा भेटू. नमस्कार.