प्रादेशिक सेना आणि छत्रीधारी होऊ इच्छिणारा तरुण

(वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि पालक यांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्यांनी अध्यापन करीत असतानाच काही वर्षे प्रादेशिक सेनेत सेवा केली आहे.)



‘ग्रामीण तरुण व लष्करी सेवा’ असा विषय मला देण्यात आला आहे. एवढ्या विस्तृत विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. ज्या एका कोपऱ्याची मला प्रत्यक्ष ओळख आहे, तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. तो कोपरा म्हणजे प्रादेशिक सेना, आणि त्या सेनेत राहून छत्रीधारी सैनिकाचे कठीण शिक्षण घेण्याची काही मुलांना असलेली ओढ.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. मुलगा तेवीस वर्षांचा. बारावी झालेला. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. उरलेल्या वेळात बाजारातल्या एका कृषी केंद्रात हिशेब लिहितो. अग्निवीर भरतीत एकदा धावला, थोडक्यात राहिला, आणि मग वयोमर्यादा उलटली. आता त्याला प्रादेशिक सेनेच्या छत्रीधारी पलटणीत जायचे होते. बोलत होता मुलगा, पण खरा प्रश्न वडिलांचा होता. ते म्हणाले, “गुरुजी, एक जण दीड लाखात काम करून देतो म्हणतो. एक एकर गहाण टाकू का?”

त्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता आले असते, आणि ते मी दिलेही. परंतु नुसत्या ‘नको’ने बापाचे समाधान होत नाही आणि मुलाचे तर मुळीच होत नाही. हा तरुण ज्या गोष्टीच्या मागे लागला आहे ती गोष्ट नेमकी काय आहे, हे त्याला सांगणारे गावात कोणी नव्हते. दलालाचे फावते ते याच ठिकाणी.

प्रादेशिक सेनेची कल्पना साधी आहे. आपला व्यवसाय सांभाळून नागरिकाने वर्षातील काही काळ सैनिकी शिक्षण घ्यावे आणि देशाला गरज पडेल तेव्हा गणवेश चढवून उभे राहावे. इंग्रजी अमदानीत १९१७ साली भारतीय संरक्षण दल आणि १९२० च्या कायद्याने भारतीय प्रादेशिक दल अशी तिची पूर्वरूपे होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली प्रादेशिक सेना अधिनियम झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांच्या वेळी या सैनिकांना बोलावणे आले होते. ही फार जुनी गोष्ट झाली असे कोणी समजू नये. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून प्रादेशिक सेनेला पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, आणि एकूण ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी प्रत्यक्ष सेवेवर घेण्यास मान्यता दिली. फावल्या वेळेचा सैनिक हा शब्द ऐकायला हलका वाटतो, पण बोलावणे आले म्हणजे त्याचा वेळ फावला राहत नाही.

आपल्या राज्यात या सेनेच्या पलटणी आहेत. कोल्हापूरची १०९ वी पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्यावेळच्या औरंगाबाद येथे २०१७ साली उभी राहिलेली १३६ वी पर्यावरण पलटण माजी सैनिकांना घेऊन उजाड डोंगरांवर झाडे लावते. आणि आमच्या या मुलाला जिथे जायचे आहे ती ११६ वी छत्रीधारी पलटण नाशिकजवळ देवळालीला आहे. तिची जोड पॅराशूट रेजिमेंटशी. तिच्यासारखी दुसरी, १०६ वी पलटण बंगळूरची. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांना २०११ साली लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा मिळाला तो याच १०६ व्या पलटणीत. त्यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये आग्ऱ्याला पाच उड्या पूर्ण करून छत्रीधारी ही अर्हता मिळवली आणि २०१९ साली पलटणीबरोबर काश्मीरमध्ये गस्त आणि पहाऱ्याचे काम केले. हुद्दा सन्मान म्हणून मिळू शकतो. उड्या स्वतःच माराव्या लागतात.

मुलांच्या डोळ्यांपुढे धोनी असतात, तसेच कर्नल संतोष महाडिकही असतात. सातारा जिल्ह्याचे हे अधिकारी २१ व्या पॅरा या विशेष दलाचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात एका राष्ट्रीय रायफल्स पलटणीचे नेतृत्व करताना ते धारातीर्थी पडले. महाराष्ट्राचे आणि छत्रीधारी दलाचे नाते जुने आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ उतरून पुंगली पूल ताब्यात घेणारी दुसरी पॅरा पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. महाडिकांची २१ वी पॅरा हीदेखील आधी मराठ्यांचीच पलटण होती. तेव्हा मुलांना ओढ वाटते यात नवल नाही. पण एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रादेशिक सेनेची छत्रीधारी पलटण आणि पॅराचे विशेष दल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपटात दिसणारे छापे घालणारे कमांडो ते विशेष दलाचे. प्रादेशिक सेनेत गेल्याने मागच्या दाराने तेथे जाता येते असा जो समज पसरला आहे, तो खरा नाही.

आता आग्ऱ्याच्या शिक्षणाबद्दल. छत्रीधारी दलात स्वेच्छेने आलेल्यालाच घेतात. कोणावर सक्ती नसते. आग्ऱ्याच्या प्रशाळेत पहिले काही दिवस विमान दृष्टीसही पडत नाही. उंच ओट्यावरून वाळूत उडी मारायची, पाय आणि गुडघे जोडून जमिनीला लागायचे आणि लागताच कुशीवर लोळण घ्यायची, हे शेकडो वेळा करून घेतात. भार एका घोट्यावर न येता पोटरी, मांडी, कंबर आणि पाठ असा वाटला जावा, हा त्यातील हेतू. गंजीवरून उडी मारणाऱ्या पोरालाही हे थोडेफार उपजत येते. मात्र तेथे ते झोपेतसुद्धा चुकता कामा नये. मग उंच मनोऱ्यावरून दोराच्या आधाराने विमानाच्या दारातून बाहेर पडण्याचा सराव. प्रत्यक्ष उडी साधारण बाराशे-साडेबाराशे फुटांवरून होते. छत्रीला जोडलेला पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. माणूस बाहेर पडला की तो पट्टा ताणला जाऊन छत्री आपोआप उघडते. न उघडल्यास छातीवर दुसरी राखीव छत्री असते. अशा पाच उड्या, त्यांपैकी एक रात्री. पाचही पूर्ण केल्या म्हणजे छातीवर पंखांचे चिन्ह लागते.

मी हे सर्व सोबत्यांकडून ऐकून सांगत आहे, कारण मी स्वतः आग्ऱ्यापर्यंत पोहोचलो नाही. तिशीच्या आत होतो, पायदळाच्या पलटणीत दोन शिबिरे झाली होती, अंगात रग होती. छत्रीधारी दलासाठी नाव दिले. पाठीवर वजन घेऊन लांब पल्ल्याच्या धावण्याची चाचणी होती. शेवटच्या टप्प्यात उजवा गुडघा धरला आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. मागून येणाऱ्या एका जवानाने थांबून माझी बंदूक उचलली, पुढे नेऊन ठेवली आणि तो धावत गेला. माझ्यापेक्षा वयाने मोठा होता, व्यवसायाने ट्रकचालक. पुढे त्याने पाच उड्या पुऱ्या केल्या. मला त्या वेळी मोठी लाज वाटली. आज वाटते, सहा महिने आधीपासून रीतसर तयारी केली असती तर कदाचित निभावले असते. निव्वळ रग पुरेशी नव्हती.

तयारीचे आकडे मी त्या मुलाला लिहून दिले, तेच येथे सांगतो. वय १८ ते ४२. सर्वसाधारण शिपायासाठी दहावी ४५ टक्के गुणांनी. उंची १६० सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ८२. १६०० मीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत आले तर पूर्ण गुण. दांड्यावर लोंबकळून हनुवटी वर नेणे दहा वेळा. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवर तोल सांभाळून चालणे. मग वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा. प्रत्येक भरतीची जाहिरात स्वतंत्र असते, तिच्यातील अटी थोड्याफार बदलतात, म्हणून मूळ जाहिरात स्वतः वाचावी. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. पदवीधरांसाठी अधिकारी होण्याचा मार्ग वेगळा आहे. लेखी परीक्षा, मुलाखत आणि पुढे सेवा निवड मंडळ असा तो आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर तो मुलींनाही मोकळा झाला. या सर्व पायऱ्यांत पैसे देण्याची एकही पायरी नाही.

वैद्यकीय तपासणीसंबंधी आपल्या भागापुरते एक सांगतो. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहतो. खाऱ्या पाण्याचा आणि मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. पहाटे आठ-दहा किलोमीटर धावणारा मुलगा घरी येऊन बोअरचे मिळेल ते पाणी पितो. अशा मुलांनी भरतीच्या आधीच रक्त व लघवी तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी यात लक्ष घातले तर मोठे काम होईल.

यापुढची गोष्ट पालकांसाठी आहे आणि ती कटू आहे. प्रादेशिक सेना ही कायम नोकरी नव्हे. शासन स्वतःच सांगते की उपजीविकेचे दुसरे साधन असणाऱ्यानेच येथे यावे. शिबिराच्या किंवा सेवेच्या काळात नियमित सैनिकाप्रमाणे वेतन व भत्ते मिळतात. पलटण घरी पाठवते तेव्हा वेतन थांबते. जवानाला निवृत्तिवेतन मिळते ते प्रत्यक्ष सेवेची एकूण १५ वर्षे भरली तर. कोणाला वर्षानुवर्षे सेवेवर राहता येते, कोणाला नाही. म्हणजे ज्या मुलाने शेत गहाण टाकून येथे प्रवेश मिळवायचा, त्याला परत येऊन पोट भरायचे आहे त्याच शेतावर! मुलाच्या वडिलांना मी हेच सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग शेत तर राखलेच पाहिजे.”

जोखीमही लपवू नये. आपल्याच जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना मरण आले. त्यांच्या घरी त्या दिवशी काय झाले असेल ते येथे बसलेल्या मातांना सांगायला नको.

अधिकारी आणि संस्थाचालक मंडळींना माझी एक विनंती आहे. प्रादेशिक सेना अधिनियमातच तरतूद आहे की सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर मालकाने पूर्वीच्या कामावर घेतले पाहिजे. तरतूद चांगली आहे, परंतु ती फारशी कोणाला ठाऊक नाही. मी शिक्षक असताना एका शाळेत शिबिराचा आदेश दाखवला, तर तेथील व्यवस्थापनाने ती माझी हौस ठरवली आणि त्या महिन्याचे वेतन मला अनेक हेलपाट्यांनंतर मिळाले. कृषी केंद्राचा मालक, पतसंस्था, जिनिंग, शाळा, या सर्वांनी असा आदेश आला म्हणजे माणूस पळाला असे समजू नये. मुलाच्या मालकाला मी जाऊन भेटलो. त्यांनी एकच अट घातली, पेरणीच्या दिवसांत बदली माणूस आधी सांगावा. ती वाजवी आहे.

मुलगा सध्या रोज पहाटे धावतो. दिवाळीनंतर सहा मिनिटे दहा सेकंद होती, आता पाच पन्नास आहे. शेवटचे वीस सेकंद सर्वांत कठीण जातात. दांड्यावर सात होतात. देवळालीची भरती अद्याप व्हायची आहे आणि तिचे काय होईल ते मी सांगू शकत नाही. दलालाचा दूरध्वनी अजून येतो. वडील तो उचलत नाहीत.

पंचायतीकडे मागणे लहान आहे. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत एक लोखंडी दांडा आणि नऊ फुटांचा एक खड्डा, त्यात नदीची स्वच्छ वाळू. शिवाय शाळेच्या फाटकापासून शेगाव रस्त्याने बरोबर आठशे मीटर मोजून एक खूण, म्हणजे जाऊन-येऊन सोळाशे होतील. आज मुले अंदाजाने अंतर धरतात आणि भरतीच्या मैदानावर फसतात. टेप आणि चुना मी बरोबर आणला आहे. खूण कोठे करावी ते ग्रामसेवकांनी दाखवावे. बाजाराच्या दिवशी गाड्या जेथे उभ्या राहतात ती जागा तेवढी टाळावी.