अंगणातील हरळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फुलझाडांवर बोलावे, असे मला सुचविण्यात आले होते. मी बोलणार आहे हरळीवर. शेतकरी घरातल्या भगिनींना हसू येईल, आणि ते रास्तच आहे. शेतात हरळी शिरली की उन्हाळ्यात खोल नांगरट करून मुळ्या वाळवाव्या, वेचाव्या लागतात. एखादे पेर राहिले तरी पावसाळ्यात पुन्हा फुटते.

पण शेतातला हा वैरी उघड्या अंगणात मोठा कामाचा आहे. हरळी जमिनीलगत धावते, पेरापेराला मूळ धरते, आणि मातीखालूनही पसरते. त्यामुळे धूळ उडत नाही, पावसाने माती वाहून जात नाही. उन्हाळ्यात पाणी मिळाले नाही तर ती पिवळी पडते, मेलीच असे वाटते. पण खालचा जीव शाबूत असतो आणि पाऊस पडताच ती हिरवी होते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या वडीलधाऱ्या बायकांना याचे मोल सांगायला नको. रोज पाणी मागणारी शोभेची हिरवळ आपल्याला कशी परवडावी? अंगणभर फरशी घातली तर पावसाचे पाणी मुरतही नाही.

मृगाचा पाऊस चांगला झाला की दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतराने लावावेत. एक पेर मातीत, शेंडा वर. रुजेपर्यंत ओल राखावी. जागा उन्हाची हवी. आंब्याच्या दाट सावलीत ती विरळच राहते, तिथे हट्ट करू नये.

खरी काळजी पुढे आहे. भाजीच्या वाफ्याशेजारी हरळी लावूच नये. चहूकडे विटा उभ्या पुरून कड घालावी आणि पावसाळ्यात बाहेर धावलेले तंतू वरचेवर कापावेत. कापलेली हरळी ओली खतात टाकू नये, कडकडीत वाळवावी. नाहीतर खताबरोबर ती वाफ्यात पोहोचलीच समजा!

शहरात वाढलेल्या पुष्कळ मुलींना ठाऊक नसते, की गणपतीच्या दूर्वा म्हणजे हीच हरळी. भाद्रपदात एकवीस दूर्वांची जुडी विकत घ्यावी लागणार नाही. मात्र त्या जागी औषध फवारू नये.

माझ्या कुंपणाकडची कड मृगानंतर कापायची आहे. ज्यांना तुकडे हवे असतील त्यांनी पिशवी घेऊन यावे. वाफ्याची जागा मात्र आधी सांगावी, मगच देईन.