धाप म्हणजे आळस नव्हे



आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण हमालांच्या संघटनेत आणि वाचनालयात झाले. तरी आज छातीच्या दुखण्यावर बोलण्याचे धाडस करतो, कारण एका चुकीचे ओझे आमच्या डोक्यावर आहे.

1999 साली नागपूरच्या धान्यबाजारात आमचा एक तरुण सभासद होता. दोन पोती वाहिली की तो धापा टाकीत बसे. खाडेही फार होत. मुकादम त्याला कामचुकार म्हणे. आणि खरे सांगायचे तर आम्हीही मनातून तेच म्हणत होतो. त्याची बाजू मांडायला आम्ही गेलो नाही. एकदा त्याला ताप भरला, छातीत कळ आली आणि चार दिवसांत तो गेला. त्याला सिकलसेल होता, हे आम्हाला स्मशानातून परतल्यावर कळले.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात आणि सुमारे 120 दिवस टिकतात. या रोग्याच्या पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि 10 ते 20 दिवसांत फुटतात. रक्त असे कमी पडले की हृदयाला जादा पाळी करावी लागते. वर्षानुवर्षे ती करून ते आकाराने वाढते आणि थकते. कित्येकांच्या फुप्फुसातील वाहिन्याही आवळतात. मग हृदयाच्या उजव्या बाजूला भरला गाडा चढावर ओढावा लागतो. ही ती धाप!

दुसरे संकट अचानक येते. जंतूंमुळे, अडकलेल्या पेशींमुळे, किंवा हाडातील मगजाची चरबी रक्तातून फुप्फुसात गेल्यामुळे श्वास कोंडतो. तेथे काढा घेऊन वाट पाहणे म्हणजे मरणाला सवड देणे. ताप, खोकला, छातीत दुखणे दिसताच रुग्णालय गाठावे. प्राणवायू, प्रतिजैविके आणि वेळेवर दिलेले रक्त यांनी माणूस वाचतो. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घेतल्यास असे झटके कमी होतात. हृदयाची तपासणीही वेळोवेळी करून घ्यावी.

मध्य भारतातील या रक्तदोषाविषयी शुक्ला व सोळंकी यांनी 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. म्हणजे आमचा सभासद गेला तेव्हा हे ज्ञान चाळीस वर्षांचे झाले होते. पण ते ग्रंथालयातून बाजारात उतरले नव्हते. ते उतरवणे हे आमचे काम होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. तेव्हा अशा कामगाराने हलके काम मागणे ही भीक नव्हे. आपल्या दुकानात, कारखान्यात, घरकामाला कोणी वरचेवर धापा टाकताना दिसला, तर त्याचा खाडा मांडण्यापूर्वी एवढेच विचारा: “बाबा, रक्त तपासलेस का?” आम्ही ते विचारले नव्हते.