अपकृत्याचा कायदा आणि आपल्या मुली



मंडळाच्या वर्धापनदिनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि विषय कायद्याचा! पण आपल्या नेरुळातल्या मुली हल्ली बारावीनंतर वकिलीच्या प्रवेशपरीक्षेला बसतात. माझीही बसणार आहे. शिकवणीची फी आम्हाला झेपणारी नव्हती. तेव्हा रात्री भांडी आवरल्यावर तिने प्रश्न मराठीत सांगायचा आणि मी ‘का?’ म्हणून विचारायचे, असे ठरले. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. क्लॅट मात्र इंग्रजीत, आणि मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिरायचे तर तीच द्यावी लागते.

टॉर्ट म्हणजे अपकृत्य. चोरी झाली तर सरकार चोराला शिक्षा देते. इथे ज्याचे नुकसान झाले तोच दिवाणी कोर्टात जाऊन भरपाई मागतो. परीक्षेत नियम देतात, हकीकत देतात, आणि त्या नियमाला धरूनच उत्तर मागतात. आपल्याला जड जाते ते हेच. हकीकत ऐकली की आपण आधी हळहळतो!

समजा, मी पापड विकते आणि समोरच्या बाईंनी स्वस्त पापड सुरू केले. माझे गिऱ्हाईक गेले. भरपाई मिळेल का? नाही. नुकसान झाले, पण हक्क मोडला नाही. इंग्लंडात १४१० साली दोन शाळामास्तरांना कोर्टाने हेच सांगितले. शेजारी दुसरी शाळा निघाल्याने त्यांची फी उतरली होती. पण त्या बाईंनी माझ्या पिठात भेसळ आहे असे खोटेच पसरवले, तर गोष्ट निराळी. (समोरच्या बाईंनी मनाला लावून घेऊ नये, हे उदाहरण आहे.)

आता आपल्याकडचा खटला. १९५३च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचे हाड मोडले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणले. तिथल्या शल्यवैद्यांनी भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, जोर लावून हाड बसवले. त्या धक्क्याने मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन १९६८ साली संपला. नाव डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले. भरपाई तीन हजार रुपये. पैशासाठी कोणी बाप इतकी वर्षे कोर्टात उभा राहत नाही, असे मला वाटते.

हे ऐकून माझे डोळे भरून आले. लेक म्हणाली, “आई, रड, पण उत्तर दे. डॉक्टरांवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते का? ते मोडले का? आणि मुलगा त्यामुळेच गेला का?” मी तिन्हींना हो म्हटले. ती म्हणाली, “दुसऱ्याला हो का, ते सांग.” मग मला विचार करावा लागला. रोगी दगावला एवढ्याने डॉक्टर दोषी ठरत नाही. साधारण कुशल डॉक्टराने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली नाही, हे दाखवावे लागते. ते माझ्या तोंडून निघाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

तिची परीक्षा जवळ आली आहे. सीईटीत चुकल्यास गुण कापत नाहीत, क्लॅटमध्ये पाव गुण जातो. त्यामुळे तिथे अंदाजपंचे चालत नाही. शेजारच्या तीन मुलीही आता आमच्याकडे येतात आणि घर अपुरे पडते. मंडळाची खोली बुधवारी दुपारी रिकामी असते. ती मुलींना द्यावी, अशी चिटणीसबाईंना माझी विनंती आहे. ‘का?’ विचारायला दोघीतिघी भगिनी मिळाल्या तर हव्याच आहेत. इंग्रजी यायची गरज नाही.