क्रिप्टो-चलनाचें स्टेकिंग आणि मोबाईलमधील पाकीट



पैसा स्वस्थ बसूं देऊं नये, तो कामास लावावा, ही शिकवण मराठी घरांत जुनीच आहे. पतपेढींतील ठेव, बँकेंतील मुदतीची पावती, पोस्टाचीं बचतपत्रें हे सारे त्याच शिकवणुकीचे मार्ग होत. गेल्या कांहीं वर्षांत त्यांना एक नवा मार्ग येऊन मिळाला आहे. क्रिप्टो-चलन विकत घ्यावें, मोबाईलमधील पाकिटांत ठेवावें, तेथेंच एक बटण दाबून तें 'स्टेक' करावें आणि घरबसल्या मोबदला मिळवावा, असा हा मार्ग. बटण दाबण्यास अर्धें मिनिट पुरतें. परंतु त्या अर्ध्या मिनिटांत काय घडतें, हें समजण्यास थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. तो न दिल्यामुळें पुष्कळांची शिल्लक नाहींशी झाली आहे. म्हणून या व्यवहाराचें स्वरूप आणि त्यांतील सावधगिरी यांचा आज विचार करावयाचा आहे.

हा मोबदला कशाबद्दल मिळतो, तें प्रथम पाहणें अवश्य आहे. क्रिप्टो-चलनाची खतावणी कोणा एका पेढीवर नसते. ठिकठिकाणच्या असंख्य संगणकांवर तिच्या प्रती असतात. मग नवें पान लिहावयाचें कोणीं, आणि तें खरें आहे याची हमी काय? २००९ सालीं सुरू झालेल्या बिटकॉइननें यावर असा तोडगा काढला कीं, संगणकांनीं प्रचंड आंकडेमोड करावी, त्यासाठीं वीज खर्चावी, आणि ज्याचें उत्तर आधीं येईल त्यानें पान लिहावें. दुसरा तोडगा जामीनकीचा आहे. पान लिहूं इच्छिणारानें स्वतःचें चलन अनामत ठेवावें. काम चोख केल्यास मोबदला घ्यावा, लबाडी केल्यास अनामतीचा भाग गमवावा. या अनामतीलाच स्टेकिंग म्हणतात. २०१२ सालीं पीअरकॉइन या चलनानें ही पद्धत प्रथम वापरांत आणली. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथेरिअमची मोठी साखळी तिच्याकडे वळली, तेव्हां त्या साखळीचा विजेचा खप ९९ टक्क्यांहून अधिक उतरला.

पान लिहिणाऱ्या संगणकचालकास व्हॅलिडेटर म्हणतात. इथेरिअमवर स्वतः व्हॅलिडेटर व्हावयाचें तर किमान ३२ ईथर आणि रात्रंदिवस चालणारा संगणक लागतो. सामान्य माणसास तें झेपत नाहीं. परंतु कॉसमॉस, सोलाना, कार्डानो यांसारख्या साखळ्यांवर थोडें चलन असलेला मनुष्यहि तें एखाद्या व्हॅलिडेटरच्या पाठीशीं उभें करूं शकतो. व्हॅलिडेटरनें काम करावें, आपलें कमिशन कापून घ्यावें आणि उरलेला मोबदला पाठीराख्यांस वांटला जावा, अशी ही योजना आहे. मोबाईलमधील पाकिटाचें बटण दाबल्यानें बहुधा हेंच घडतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. हा मोबदला म्हणजे बँकेचें व्याज नव्हे. तो पहाऱ्याची मजुरी आहे, आणि ती बहुतेक नव्यानें निर्माण केलेल्या चलनांत दिली जाते. चलनाचा सांठा वाढला म्हणजे प्रत्येक जुन्या नाण्याचा वाटा तेवढा घटतो. म्हणून एखाद्या साखळीनें वर्षास पंधरा टक्के दिले आणि चलनाचा सांठाहि जवळजवळ तितकाच वाढला, तर पाठीराख्याच्या हातीं खरी भर फारच थोडी पडते. शिवाय मोबदला रुपयांत नसून त्याच चलनांत असतो. त्याचा भाव निम्मा झाला तर पंधरा टक्क्यांनीं कांहीं भरून निघत नाहीं. भारतांत बँकेच्या ठेवीस २०२० पासून पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. येथें तसा कोणीहि वाली नाहीं.

आतां पाकिटाकडे वळूं. त्यास पाकीट म्हणत असले तरी त्यांत पैसा मुळींच नसतो. पैसा खतावणींत असतो. पाकिटांत असते ती किल्ली. ही किल्ली बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपानें मालकास दिली जाते. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरीव यादींतून निवडलेले असतात, आणि त्यांचा क्रमहि महत्त्वाचा असतो. मोबाईल हरवला, फुटला किंवा पाण्यांत पडला तरी हे शब्द नव्या मोबाईलमध्यें घातले कीं सारें धन पुन्हां हातीं येतें. उलट हे शब्द दुसऱ्या कोणास कळले, तर मालकाचा मोबाईल त्याच्या खिशांत असतांनाच धन निघून जातें. तेथें ना सही तपासणारा कारकून, ना तक्रार घेणारा व्यवस्थापक.

अनेक साखळ्यांसाठीं एकच पाकीट वापरण्याची सोय याच शब्दांवर उभी आहे. एका बीजापासून बिटकॉइनची, इथेरिअमची, सोलानाची, कॉसमॉसची अशा निरनिराळ्या किल्ल्या गणितानें निर्माण होतात. मालकास एकच शब्दावली सांभाळावी लागते, ही मोठी सोय खरी. परंतु तीच मोठी जोखीमहि आहे. घरांतील प्रत्येक कपाटास एकच किल्ली लागत असेल, तर ती चोरणाऱ्यास एकाच फेरींत सारें घर मोकळें होतें.

याचें उदाहरण ऑगस्ट २०२२ मध्यें जगास दिसलें. सोलाना साखळीवरील हजारों खातीं थोड्या तासांत रिकामीं झालीं. साखळीची रचना निर्दोष होती. चौकशींत आढळलें कीं, ज्यांचीं खातीं गेलीं तीं कधीं ना कधीं स्लोप नांवाच्या मोबाईल पाकिटांत तयार केलेलीं किंवा वापरलेलीं होतीं, आणि त्या पाकिटाकडून गुप्त किल्ल्यांची माहिती नजरचुकीनें एका देखरेखीच्या यंत्रणेकडे पाठविली जात होती. ज्यांनीं तीच शब्दावली पुढें दुसऱ्या पाकिटांत घातली होती, त्यांचेंहि नुकसान झालें. पाकीट बदललें तरी किल्ली जुनीच राहिली होती.

यांतून सावधगिरीचे नियम आपोआप निघतात. शब्द कागदावर हातानें लिहावे. त्यांचें छायाचित्र घेऊं नये, ते ई-मेलमध्यें किंवा मोबाईलच्या टिपणवहींत ठेवूं नयेत. कागदाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या सुरक्षित जागीं असाव्या. पाकीट त्याच्या कर्त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावें. हुबेहूब दिसणारीं बनावट पाकिटें पुष्कळ आहेत. कोणत्याहि पाकिटाचा खरा मदतनीस शब्द विचारीत नाहीं; जो विचारतो तो चोर, हें सूत्र घरांतील मुलांसहि पाठ असावें. रोजच्या व्यवहाराची शब्दावली वेगळी आणि दीर्घ काळाच्या शिलकेची वेगळी असावी. शिल्लक मोठी असेल तर किल्ली मोबाईलबाहेर ठेवणारें लहानसें उपकरण मिळतें. त्याच्या आधारानेंच मोबाईलमधून स्टेकिंग करावें. आणि पाकिटाचा संशय आल्यास तीच शब्दावली दुसरीकडे नेऊं नये; नवी शब्दावली करून धन तिकडे हलवावें.

किल्ली सुरक्षित असली म्हणजे सर्व झालें, असें मात्र नव्हे. स्टेक केलेलें चलन मागतां क्षणीं मिळत नाहीं. कॉसमॉसच्या मुख्य साखळीवर अनामत सोडविण्यास एकवीस दिवस लागतात, आणि त्या काळांत मोबदलाहि थांबतो. सोलानावर साधारणपणें दोन-तीन दिवस जातात. कार्डानोवर मात्र चलन अडकून पडत नाहीं. ही मुदत कागदावर किरकोळ वाटते. ती किती जाचक होऊं शकते हें मे २०२२ मध्यें टेरा साखळीच्या लोकांनीं अनुभवलें. तेथील लूना या चलनाचा भाव महिन्याच्या आरंभीं सुमारें ऐंशी डॉलर होता. पंधरवड्याच्या आंत तो एका सेंटच्याहि खालीं गेला. तेथेंहि अनामतीची मुदत एकवीस दिवसांचीच होती. ज्यांनीं लूना स्टेक केलें होतें त्यांची किल्ली कोणीं चोरली नव्हती; परंतु भाव कोसळत असतां त्यांना तें विकतां येत नव्हतें. जो पैसा मुलीच्या लग्नास, दवाखान्यास किंवा घरभाड्यास लागणार आहे, तो येथें गुंतवूं नये, हा याचा सरळ बोध.

व्हॅलिडेटरची निवडहि डोळसपणें करावी. कॉसमॉसवर व्हॅलिडेटरनें एकाच जागीं दोन निरनिराळ्या पानांवर सही केली, तर त्याच्या पाठीराख्यांच्याहि अनामतींतून पांच टक्के कापले जातात. म्हणून त्याचा संगणक किती नियमितपणें चालतो, पूर्वीं त्यास दंड झाला आहे काय, कमिशन किती, हें पाहावें. शून्य कमिशनचें आमिष पुष्कळदां चार दिवसांचें असतें. सर्वांत मोठ्या व्हॅलिडेटरकडेच सर्वांनीं धांव घेतली तर साखळीची सत्ता थोड्यांच्या हातीं जाते. यास्तव मध्यम आकाराचे, जुने व चोख असे दोन-तीन निवडून रक्कम विभागावी. प्रथम अगदीं थोडें चलन लावून, सोडवून, परत हातीं आलेलें पाहावें. मगच पुढें जावें. आणि सारेंच्या सारें चलन कधींहि स्टेक करूं नये. अनामत सोडविण्यास व मोबदला उचलण्यासहि शुल्क पडतें, त्यापुरती शिल्लक मोकळी असावी.

स्टेकिंगच्या नांवाखालीं दुसरेहि व्यवहार चालतात. त्यांचा भेद ओळखला पाहिजे. एका प्रकारांत चलन एखाद्या कंपनीच्या हवालीं केलें जातें आणि किल्ली तिच्याकडे जाते. सेल्सियस नांवाच्या अशा कंपनीनें जून २०२२ मध्यें लोकांचे पैसे परत देणें थांबविलें आणि पुढल्याच महिन्यांत दिवाळें जाहीर केलें. दुसऱ्या प्रकारांत अनामतीच्या बदल्यांत एक पावती-नाणें मिळतें, तें बाजारांत विकतां येतें. ही सोय चांगली. परंतु पावतीचा भाव मूळ चलनाइतकाच राहील असें नाहीं. जून २०२२ मध्यें ईथरची अशीच एक प्रसिद्ध पावती मूळ भावाच्या सुमारें पांच टक्के खालीं गेली होती. तिसरा प्रकार निव्वळ फसवणुकीचा. महाराष्ट्रास तो गेनबिटकॉइन या योजनेनें परिचित करून दिला. दरमहा दहा टक्के, तेहि अठरा महिने, असें तिचें वचन होतें. २०१८ सालीं पुणें पोलिसांनीं तिच्या सूत्रधारास अटक केली, तोंवर असंख्य कुटुंबांची पुंजी बुडाली होती. खऱ्या साखळीवर मोबदल्याचा दर कमीजास्त होत असतो. ठरीव दराची हमी जो देतो, त्याच्याजवळ बहुधा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पैशाखेरीज देण्यास कांहीं नसतें.

सरकारचें देणेंहि विसरूं नये. भारतांत २०२२ च्या वित्त कायद्यानें अशा मालमत्तेच्या विक्रींतील नफ्यावर तीस टक्के कर बसविला, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेंतून एक टक्का आधींच कापण्याची तरतूद केली. एका चलनांतील तोटा दुसऱ्याच्या नफ्यांतून वजा करतां येत नाहीं. म्हणून मोबदला आल्याची तारीख, परिमाण व त्या दिवशींचा भाव वहींत टिपून ठेवावा. फसवणूक झाल्याचें कळतांच १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावें. पहिल्या कांहीं तासांचें मोल येथें फार असतें.

शेवटचा मुद्दा घरचाच आहे. जी किल्ली मालकाशिवाय कोणासहि ठाऊक नाहीं, ती त्याच्याबरोबरच जाते. बँक वारसास विचारते. साखळी कोणासहि विचारीत नाहीं. शब्द कोठें ठेवले आहेत, तें बंद पाकिटांत लिहून विश्वासाच्या माणसाजवळ असावें, आणि पत्नीस किंवा मुलांस त्याची कल्पना असावी.

पूर्वींचा गृहस्थ पैसा पेढीवर ठेवी, तेव्हां पेढीवाल्याची पत पाहत असे. या नव्या व्यवहारांत पेढीवालाहि तोच, पहारेकरीहि तोच, आणि चुकीचा धनीहि तोच. हें तिहेरी काम ज्यास नीट समजलें व जमलें, त्यानें थोड्या रकमेनें या मार्गास लागावें. ज्यास तें जमत नाहीं, त्यानें मोबदला सोडला तर त्याचें कांहींएक गेलें नाहीं. मुद्दल त्याच्या पदरीं शिल्लकच आहे.