पाळीनंतरची हाडं आणि चुंबकाचा उपचार

मायबहिणींनो, पाळी गेल्यावर अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडांची झीज भरून येण्यापेक्षा वेगानं होऊ लागते. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. मग कापूस वेचताना बांधावर पाय घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडतं.

या झिजेवर चुंबकाचे पट्टे आणि गाद्या विकायला येतात. मूळ शास्त्र खरं आहे. हाडावर ताण आला की त्यात सूक्ष्म वीज तयार होते, हे १९५७ साली जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी दाखवलं. त्यातून विद्युतचुंबकीय स्पंदनांचा उपचार पुढे आला. १९७९ मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली, पण ती न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी! पाळी गेल्यानंतरच्या हाडांच्या ठिसूळपणात या उपचारानं फ्रॅक्चर टळतात, असा भक्कम पुरावा अजून नाही. पट्ट्यातला साधा चुंबक तर स्पंदनं देतच नाही. पेसमेकर असलेल्यांनी स्पंदनं देणाऱ्या यंत्रापासून लांबच राहावं.

पट्ट्या-गाद्यांचे पैसे आधी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीवर खर्च करा. त्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला, तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत; तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. फ्रॅक्चरचा धोका कमी करणाऱ्या गोळ्या, इंजेक्शनं आहेत. कॅल्शियमसाठी कळण्याच्या भाकरीबरोबर वाटीभर दही घ्या, तीळ आणि नाचणीही खा. खान्देशात ऊन भरपूर, तरी ‘ड’ जीवनसत्त्व कमी असू शकतं, तेही डॉक्टरांना विचारा.