पहिला रुपया कुणी द्यायचा?
(करकंब येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



पंढरपूर तालुक्यात द्राक्षबाग लावणाऱ्या शेतकऱ्याला, पहिला घड हाती येण्याआधी किती पैसा मातीत घालावा लागतो, हे कुणी सांगायला नको. मात्र त्याच घरातील मुलगा ‘मला संगणकावर चित्रफिती करायच्या आहेत’ असे म्हणाला, तर आपण ‘नोकरीचे काय?’ असे विचारतो. म्हणून आज मला बीजभांडवलाविषयी बोलायचे आहे.

१९१२ साली दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी तारण ठेवून लंडनला गेले आणि चित्रपटनिर्मितीचे तंत्र शिकून परतले. हिंदुस्थानात चित्रपट निर्माण होऊ शकतो, यावर भांडवलदारांचा विश्वास नव्हता. दादासाहेबांनी वाद घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण केले आणि ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखविली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देण्याची तयारी दाखविली. सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगात गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

आता अमेरिकेकडे वळू. जस्टिन कान आणि एमेट शिअर या तरुणांची इंटरनेटवरील दिनदर्शिका चालली नाही. २००६ साली त्यांनी ती लिलावात विकून टाकली. पुढची कल्पना तर अधिकच विक्षिप्त! टोपीवर कॅमेरा लावायचा आणि स्वतःचे आयुष्य अहोरात्र जगाला दाखवायचे. तरीही पॉल ग्रॅहम यांनी त्यांना ५० हजार डॉलर दिले. मार्च २००७मध्ये ‘जस्टिन टीव्ही’ सुरू झाला. एका माणसाचे दैनंदिन आयुष्य पाहण्यात लोकांना फार काळ रस राहिला नाही. परंतु थेट प्रक्षेपणाचे तंत्र हाती आले होते. ते इतरांसाठी खुले झाले, त्यातून २०११ साली ‘ट्विच’ उभे राहिले आणि २०१४ साली ॲमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतले.

दोन्ही ठिकाणी पैसा देणाऱ्याने माणूस पारखला. फरक आहे तो जोखमीचा. कर्ज घेणाऱ्याचा उद्योग बुडाला, तरी कर्ज बुडत नाही. ते घरादारावर येते. ग्रॅहम यांनी भागीदारी घेतली होती. बुडाले असते तर त्यांचेही बुडाले असते. आपल्याकडेही हा मार्ग अपरिचित नाही. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन झाली, तेव्हा सराफ सीतारामपंत कुलकर्णी भांडवल घालून शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या कलावंतांचे भागीदार झाले. त्याच संस्थेने १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिला.

अर्थात भागीदारीलाही पथ्ये असतात. १९१८ साली भांडवलदारांसह ‘हिंदुस्थान’ कंपनी उभारणारे फाळके मतभेदांमुळे बाहेर पडले आणि १९२२ साली परतले. पैसा कुणाचा आणि निर्णय कुणाचा, हे आरंभीच कागदावर यायला हवे.

म्हणून येथील जाणत्या मंडळींना माझे सांगणे आहे. गावातील एखादा तरुण वेगळी कल्पना घेऊन आला, तर आधी त्याला त्याचा ‘वाटाणा’ दाखवायला सांगा. लहानसा का होईना, केलेल्या कामाचा नमुना मागा. तो पटला, तर पाच-दहा घरांनी मिळून, बुडाली तरी चूल थांबणार नाही एवढीच रक्कम भागीदारीने द्या. आईचे मंगळसूत्र आणि बापाचा सातबारा यांना मात्र हात लावू देऊ नका. आणि प्रयत्न फसला, तर पारावर त्याची चेष्टा करू नका. फसलेल्या दिनदर्शिकेची चेष्टा करून ग्रॅहम यांनी दार लावले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

सरस्वतीबाईंच्या त्यागाला आपण वंदन करतो, ते योग्यच आहे. पण प्रत्येक नव्या उद्योगासाठी एकाच घराने दागिने उतरवावेत, ही समाजाला भूषणावह गोष्ट नव्हे. तो भार वाटून घेणे, हे आपले काम आहे.